हरकतीची मुदत

आमच्या शेजारी वाढलेली एक मुलगी, जिला आम्ही फ्रॉक घालून जिन्याच्या कठड्यावरून घसरताना आणि पुढे दहावीच्या परीक्षेस निघताना हातावरचे दही-साखर चाटत आमच्याही पाया पडताना पाहिले होते, ती गेल्या वर्षी एका संध्याकाळी दारात उभी राहिली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "काका, साक्षीदार म्हणून याल का? दोघे मिळाले आहेत. तिसरे कोणी मिळत नाही." घरभाड्याच्या करारनाम्याचे काम असावे अशा समजुतीने आम्ही होकार देऊन मोकळे झालो, आणि मग कळले की काम तिच्या लग्नाचे होते. मुलगा तिच्याच कचेरीतला, मुसलमान. तिचे आईवडील शहर सोडून केव्हाच गावी स्थायिक झालेले. "त्यांना ठाऊक आहे का?" असे आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "ठाऊक आहे. येणार नाहीत."

ठरल्या दिवशी आम्ही विवाह अधिकाऱ्यांच्या कचेरीत पोहोचलो तेव्हा आधीची दोन लग्ने व्हावयाची होती, आणि त्यामुळे व्हरांड्यातील भिंतीवर टांगलेला काचेच्या दारांचा फलक निवांतपणे वाचण्याची संधी आम्हांस मिळाली. एका दाराचे कुलूप मोडलेले असून ते सुतळीने बांधून ठेवले होते. आत दाटीवाटीने टाचलेल्या नोटिसा होत्या: वराचे नाव, वधूचे नाव, वय, व्यवसाय, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता, आणि वर कोपऱ्यात दोघांची छायाचित्रे. भाडेकराराची नोंदणी करून देणारे दलाल, चहाचे पेले नेणारा पोऱ्या, आपल्या वारसाहक्काचे कागद घेऊन आलेल्या म्हाताऱ्या, सगळे जाता जाता त्या फलकावर नजर टाकून जात होते. एक इसम मात्र जाता जाता पाहत नव्हता. तो मोबाइल उंच धरून एकेका नोटिशीचे छायाचित्र घेत होता. कशासाठी, हे आम्ही त्याला विचारले नाही. विचारावयास हवे होते.

आजच्या भारतीय तरुणांस व्यक्तिस्वातंत्र्य, कायदा आणि धार्मिक सहिष्णुता यांविषयी काय वाटते, या विषयावर व्याख्याने पुष्कळ होतात. परंतु या तिन्ही गोष्टी एकाच भिंतीवर, एकाच कागदात एकत्र पाहावयाच्या असतील तर त्या फलकाइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असे आमचे त्या दिवसापासून मत झाले आहे.

लोक याला 'कोर्ट मॅरेज' म्हणतात, यद्यपि त्यात कोर्टाचा काडीइतका संबंध नसतो. हा विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली होतो, आणि तो कायदा १ जानेवारी १९५५ पासून अमलात आहे. वराचे वय एकवीस, वधूचे अठरा पूर्ण असावे. दोघांपैकी कोणाचेही आधीचे लग्न कायम नसावे. दोघेही संमती देण्याइतक्या शुद्ध बुद्धीचे असावेत. आणि निषिद्ध मानलेल्या नात्यातले नसावेत. एवढ्या अटी पुऱ्या झाल्या की धर्म कोणता, जात कोणती, कुळ कोणते, हे विचारण्याचा अधिकार त्या कायद्याने कोणालाही दिलेला नाही. दोघांपैकी निदान एकाने ज्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य केले असेल तेथील विवाह अधिकाऱ्यास लेखी नोटीस द्यावयाची. अधिकाऱ्याने ती नोंदवहीत उतरवून कचेरीत सर्वांच्या नजरेस पडेल अशा जागी लावावयाची. आणि पुढील तीस दिवसांत कोणाही व्यक्तीस हरकत घेता यावी. 'कोणाही' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हरकत घेणारा आप्त असावा, शेजारी असावा, निदान ओळखीचा असावा, अशी काही अट नाही.

हरकतीची कारणे मात्र वर सांगितलेल्या अटींपुरतीच मर्यादित आहेत. आईवडिलांची नामंजुरी हे कारण नाही, धर्म हे कारण नाही, गावात तोंड दाखवावयास जागा उरणार नाही हेही कारण नाही. कायद्याच्या भाषेत पाहिले तर ही मुदत निरुपद्रवी आहे. पण कागद ज्याच्या हाती पडतो तो काही कायद्याचे कलम वाचून मग घराबाहेर पडत नाही. त्यातच एक तरतूद अशी आहे की पक्षकारांपैकी कोणी त्या जिल्ह्यात कायमचे राहणारे नसेल, तर नोटिशीची प्रत त्याच्या कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातील अधिकाऱ्याकडे रवाना व्हावी आणि तेथेही ती फलकावर लागावी. जी मुलगी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव सोडून शहरात आली, आणि शहराच्या गर्दीत जिला प्रथमच कोणी 'कोणाची गं तू?' असे विचारले नाही, तिच्या निर्णयाची वर्दी सरकार आपण होऊन, सरकारी खर्चाने, तिच्या गावाकडे पोहोचवते. आमच्या या मुलीच्या बाबतीत जिल्ह्याच्या ठिकाणी नोटीस लागल्यानंतर तिसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. मामांना कोणी कळवले, ते शेवटपर्यंत समजले नाही.

आणि खोडसाळ हरकत घेणाऱ्यास शिक्षा काय? चौकशीअंती हरकत वाजवी नव्हती व सद्भावनेने घेतलेली नव्हती असे अधिकाऱ्यास दिसले, तर तो खर्चापोटी जास्तीत जास्त एक हजार रुपये बसवू शकतो. १९५४ साली ही रक्कम जरब बसविणारी असेलही.

आता तरुणांकडे वळू. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधनसंस्थेच्या 'लोकनीती' विभागाने २०१६ साली एकोणीस राज्यांतील पंधरा ते चौतीस वयाच्या सहा हजारांहून अधिक तरुण-तरुणींच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्या पाहणीत साठ टक्क्यांच्या आसपास तरुणांनी असे मत दिले की धार्मिक भावना दुखावणाऱ्या चित्रपटांवर बंदी घालावी. आणि आंतरधर्मीय विवाह अयोग्य मानणारे पंचेचाळीस टक्के, तर योग्य मानणारे अठ्ठावीस टक्के निघाले. पुढे २०१९ च्या अखेरीस व २०२० च्या आरंभी अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने सुमारे तीस हजार प्रौढ भारतीयांची सतरा भाषांतून पाहणी केली, तिचा वृत्तांत जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत चौऱ्याऐंशी टक्के लोकांनी सांगितले की खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे फार महत्त्वाचे आहे. त्याच लोकांना पुढे विचारले की आपल्या धर्माच्या स्त्रियांनी धर्माबाहेर लग्न करण्यापासून त्यांना रोखणे कितपत महत्त्वाचे, तेव्हा हिंदूंपैकी सदुसष्ट टक्के आणि मुसलमानांपैकी ऐंशी टक्के म्हणाले, फार महत्त्वाचे.

हे आकडे पाहून कित्येक विद्वान 'विसंगती, विसंगती' म्हणून कपाळाला हात लावतात. आम्हांस त्यात विसंगती दिसत नाही. आपल्याकडे सहिष्णुता या शब्दाचा जो अर्थ पिढ्यान्‌पिढ्या रुजला आहे तो असा, की तुझा देव तुझ्या देव्हाऱ्यात, माझा माझ्या. तुझ्या उरुसाला मी वर्गणी देईन, माझ्या गणपतीला तू दे. ईदचा शीरखुर्मा माझ्याकडे येईल, दिवाळीचा फराळ तुझ्याकडे जाईल. परंतु पंगत वेगळी आणि सोयरीक तर बोलायचीच नाही. ही सहिष्णुता खोटी नव्हे. तिने या देशात शेकडो वर्षे शेजार टिकवला आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांनी तिच्यावाचून एक दंगलीची रात्र काढून पाहावी. तथापि ती समूहा-समूहांमधली आहे. तीत 'आम्ही' आहे आणि 'तुम्ही' आहे. 'मी' या शब्दास तीत जागा ठेवलेली नाही. मराठीत 'आमच्यात चालत नाही' हे जे वाक्य आहे, ते उच्चारणारा बहुधा स्वतःचे मत सांगतच नसतो. त्याला वैयक्तिक विचारले तर तो म्हणेल, माझी काही हरकत नाही हो, पण आमच्यात चालत नाही. हे 'आमच्यात' म्हणजे नेमके कोण, याचा छडा लावू गेल्यास घरोघर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

संविधानाने बरोबर याच ठिकाणी वेगळे पाऊल टाकले. त्यातील एकविसावे कलम आणि पंचविसावे कलम व्यक्तीशी बोलतात. जीवित व स्वातंत्र्य व्यक्तीचे, सदसद्विवेक व्यक्तीचा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी सांविधानिक नीती ही उपजत भावना नसून ती प्रयत्नाने जोपासावी लागते, असा इशारा दिला होता, आणि गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल मसुद्याचे समर्थन केले होते. त्याच वर्षी १५ एप्रिलला, देशाचे कायदामंत्री असताना, त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला. ज्या गृहस्थाच्या लेखणीखाली देशाचा मूलभूत कायदा आकार घेत होता, त्यालाही स्वतःच्या विवाहासाठी इंग्रजी अमदानीतल्या जुन्या कायद्याचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट आम्हांस नेहमी मोठी बोलकी वाटते.

त्या जुन्या कायद्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. बंगालमध्ये केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्म अनुयायांनी मूर्तिपूजा व होमहवन सोडून लग्ने लावण्यास सुरुवात केली आणि लवकरच प्रश्न उभा राहिला की ही लग्ने कायदेशीर धरावयाची की काय. सरकारने १८६८ मध्ये एक व्यापक मसुदा पुढे आणला, त्यावर सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांनी असा काही गदारोळ केला की अखेर १८७२ चा तिसरा कायदा झाला तो चमत्कारिक तडजोड घेऊन: त्या कायद्याखाली लग्न करू पाहणाऱ्याने आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती, पारशी, यहुदी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी काहीही नाही, असे लिहून द्यावयाचे! म्हणजे स्वेच्छेने लग्न करण्याची किंमत धर्मत्याग ही होती, आणि तीही कागदोपत्री. (केशवचंद्रांच्या दुर्दैवाने, पुढे १८७८ मध्ये त्यांनीच आपल्या मुलीचा विवाह, त्या कायद्यातील वयाची अट पुरी होण्याआधी, कूचबिहारच्या महाराजांशी लावून दिला, आणि त्यावरून ब्राह्म समाजात उभी फूट पडली.) हरिसिंह गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये दुरुस्ती होऊन हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापसांत धर्म न सोडता विवाह करता येऊ लागला, आणि धर्माची ती नकारघंटा सर्वांसाठी पुसून टाकण्याचे काम १९५४ च्या कायद्याने केले. आमच्याकडे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१९ सालीच आपल्या संस्थानात आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांस कायद्याची मान्यता दिली होती, हे येथे नमूद करावयास हवे. कारण अशा गोष्टी पश्चिमेकडून आल्या असे समजणारे तरुण आम्हांस वरचेवर भेटतात.

धर्माची नकारघंटा गेली. नोटीस मात्र राहिली. तिचा उगम इंग्लंडात आहे. तेथे चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार लग्नाची घोषणा होत असे, कोणास कारण ठाऊक असेल तर त्याने ते सांगावे म्हणून. आणि १८३६ मध्ये चर्चबाहेरील विवाहास मान्यता मिळाली तेव्हा त्या घोषणेच्या जागी नोंदवहीतील नोटीस आली. तेथून ती कलकत्त्यास उतरली. जेथे जोडीदार निवडणे हेच मुळी वधूवरांकडे होते तेथे त्या घोषणेचा हेतू दुसरे लग्न व फसवणूक उघडकीस आणणे हा होता. जेथे निवड घराण्याकडे असते तेथे तीच घोषणा घराण्यास दिलेली आगाऊ सूचना ठरते. रोपटे तेच, माती निराळी.

पुण्याच्या आसपास राहणाऱ्यास आळंदी हा शब्द उच्चारला की दोन गोष्टी आठवतात, एक ज्ञानोबांची समाधी आणि दुसरी पळून जाऊन केलेले लग्न. घरच्यांचा विरोध असलेली हिंदू जोडपी सकाळी आळंदीस जातात, भटजी, हार, अंतरपाट, छायाचित्रकार अशी सर्व सिद्धता तेथे असते, आणि दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत ती नवराबायको होऊन परततात. हिंदू विवाहास आगाऊ नोटीस नाही, निकाहासही नाही. तीस दिवसांचा फलक आहे तो फक्त त्यांच्यासाठी जे म्हणतात की आम्ही दोघे आपापला धर्म न सोडता लग्न करू इच्छितो. परिणाम काय होतो पाहा. ज्यांना वेळ नाही, ज्यांच्या मागावर भाऊ निघाले आहेत, ते दोघांपैकी एकाचे धर्मांतर उरकून घेतात, कारण तो मार्ग एका दिवसात संपतो. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ येथील पीठापुढे अशाच एका जोडप्याचे प्रकरण आले. तुम्ही विशेष विवाह कायद्याखाली लग्न का केले नाही, असे न्यायमूर्तींनी विचारले असता त्यांनी नोटिशीचेच कारण सांगितले. न्यायालयाने त्यावर नोटीस प्रसिद्ध करणे हे वधूवरांच्या इच्छेवर सोपवावे असा निर्णय दिला. केरळ सरकारने त्याच्या आदल्या वर्षीच, छळाच्या तक्रारी आल्यानंतर, अशा नोटिसा संकेतस्थळावर टाकणे बंद केले होते. अन्यत्र फलक जसाच्या तसा आहे. धर्म मध्ये येऊ नये म्हणून केलेला कायदा माणसांना धर्म बदलण्याकडे ढकलतो. आणि मग त्या धर्मांतराचा बंदोबस्त करण्यासाठी आणखी कायदे होतात. उत्तर प्रदेशात २०२० पासून धर्मांतराआधी साठ दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यास कळवावे लागते.

राज्यसंस्थेचे वर्तनही 'आमच्यात'हून फार वेगळे नाही. महाराष्ट्र सरकार आंतरजातीय विवाह करणाऱ्या पात्र जोडप्यास पन्नास हजार रुपयांचे प्रोत्साहनपर साहाय्य देते, आणि ते योग्यच आहे. त्याच सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये, वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीत झालेल्या क्रूर हत्येची चर्चा चालू असताना, आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी 'परिवार समन्वय समिती' नेमली. ओरड होताच काही दिवसांत 'आंतरजातीय' हा शब्द वगळण्यात आला, 'आंतरधर्मीय' तेवढा राहिला. एका उंबरठ्याबाहेर पडल्यास अनुदान, दुसऱ्याबाहेर पडल्यास यादीत नाव. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या समान नागरी संहितेने लग्नावाचून एकत्र राहणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची केली असून, दोघांपैकी कोणी एकवीस वर्षांखालील असल्यास पालकांना कळविण्याची तरतूद केली आहे. अठराव्या वर्षी ज्याच्या मतावर सरकार निवडून येते, त्याच्या सहवासाची बातमी विसाव्या वर्षी त्याच्या वडिलांना द्यावयाची!

न्यायालयांनी मात्र गेल्या काही वर्षांत बरीच मजल मारली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. मार्च २०१८ मध्ये केरळातील होमिओपॅथी शिकणाऱ्या एका तरुणीचा, उच्च न्यायालयाने वडिलांच्या अर्जावरून रद्दबातल केलेला विवाह सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला, आणि जोडीदाराची निवड ही प्रौढ व्यक्तीची स्वतःची बाब आहे असे बजावले. त्याच महिन्यात खाप पंचायतींच्या हस्तक्षेपास बेकायदा ठरविले. सप्टेंबरमध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या सदरातून निघाले. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा प्रश्न आला तेव्हा मात्र ते काम न्यायालयाने संसदेकडे सोपविले.

तरुणांना हे निवाडे ठाऊक नसतात असे नाही. पण आम्ही अनेकांशी बोललो तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली, ती ही की स्वातंत्र्य हा शब्द त्यांच्या तोंडी हक्कापेक्षा सवलतीच्या अर्थाने येतो. 'मला घरच्यांनी पूर्ण स्वातंत्र्य दिले आहे' हे वाक्य ते अभिमानाने बोलतात, आणि जे कोणी दिले आहे ते काढूनही घेता येते, हे त्यातच गृहीत असते. घरचे 'तयार होणे', घरच्यांना 'तयार करणे', ही त्यांच्या संसाराची पहिली मोहीम. यात भ्याडपणा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु शहरातील घरभाडे, नोकरीची अशाश्वती, बाळंतपणात लागणारी आई, आजारपणात लागणारा भाऊ, या सर्वांचा विमा आपल्याकडे कुटुंब हाच असतो, आणि तो विमा मोडून बाहेर पडण्याची ऐपत थोड्यांचीच असते. कायद्यानेही येथे एक सूक्ष्म चिमटा ठेवला आहे: अविभक्त हिंदू कुटुंबातील व्यक्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्या बाहेरच्या व्यक्तीशी या कायद्याखाली विवाह केला तर ती त्या कुटुंबापासून विभक्त झाली असे मानले जाते. वडील दार लावोत न लावोत, कायद्याने वाटणी होऊन जाते.

आईबापांची बाजूही ऐकली पाहिजे. मामा आम्हांस नंतर भेटले. ते म्हणाले, "मुलगा वाईट आहे असे मी म्हणतच नाही. पण उद्या काही झाले तर ती येणार कोणाकडे?" या प्रश्नात द्वेष नव्हता, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. त्यांना आम्ही एवढेच म्हटले की ती तुमच्याकडेच येईल, तुम्ही दार उघडे ठेवले तर. त्यावर ते चहा अर्धवट टाकून उठले.

लग्नाच्या बाबतीत 'मी' म्हणणारी मुलगी ही काही आजचीच गोष्ट नव्हे. मुंबईत रखमाबाई नावाची एक मुलगी राहत होती. अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. वयात आल्यावर तिने नवऱ्याच्या घरी जाण्याचे नाकारले, आणि १८८४ मध्ये नवऱ्याने तिच्यावर मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा अपील झाले आणि वर्तमानपत्रांतून तिच्याविरुद्ध वणवा पेटला, ज्यात टिळकांची पत्रेही मागे नव्हती. १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोग. तिने कैद पत्करीन असे कळविले. दुसऱ्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली, ती विलायतेस जाऊन डॉक्टर झाली, आणि सुरत व राजकोट येथे तिने अनेक वर्षे रुग्णसेवा केली. तिने ना धर्म सोडला होता, ना कोणाशी पळून गेली होती. माझ्या संमतीवाचून झालेले लग्न माझे नव्हे, एवढेच तिचे म्हणणे होते. ती ९० वर्षे जगली आणि सप्टेंबर १९५५ मध्ये वारली. विशेष विवाह कायदा अमलात येऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते.

आमचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा बारा वाजून गेले होते. कारकुनाने कागद तपासता तपासता मान वर न करताच विचारले, "ताई, आईवडील बाहेर थांबलेत का?" ती म्हणाली, "नाही." त्याने चष्म्यावरून पाहिले, दोघांचे जन्माचे दाखले पुन्हा एकदा उलटेपालटे केले, आणि पालकांचे एखादे संमतिपत्र असते तर बरे झाले असते असे पुटपुटला. मुलाने शांतपणे विचारले की असे पत्र कोणत्या कलमाखाली लागते. कारकून काही बोलला नाही. अधिकाऱ्यांनी दोघांकडून प्रतिज्ञेचे वाक्य म्हणवून घेतले. तिचा आवाज पहिल्या शब्दाला अडखळला, मग खणखणीत झाला. आम्ही तिघांनी सह्या केल्या, आमची सही सर्वांत शेवटी. बाहेर येताना फलकावरून त्यांची नोटीस काढून घेण्यासाठी शिपाई सुतळी सोडत होता. त्याने ती चुरगाळून डब्यात टाकण्याऐवजी घडी घालून तिच्या हाती दिली.

वाचकांपैकी कोणास असा प्रसंग आलाच तर लक्षात ठेवावे, की या विवाहास साक्षीदार तीन लागतात, आणि ते नात्यातले असावेत असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही.